आधी पान पाहावं, मग फूल

श्रावणाच्या आसपास महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत रात्री उशिरा एकच गडबड उडते. गॅलरीतल्या कुंडीत ब्रह्मकमळ उमलत असतं. शेजारीपाजारी जमतात, फुलाला हळदकुंकू वाहिलं जातं, मोबाइलवर फोटो निघतात आणि ‘हिमालयातलं दुर्मीळ फूल आमच्या घरी फुललं’ अशा मजकुरासह ते नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतात. फूल सुंदर असतं, सुगंधही दरवळतो. फक्त ते हिमालयातलं नसतं. कुंडीतली वनस्पती म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम नावाचं निवडुंग. त्याचं मूळ घर दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांत आहे. लांब, चपटं, हिरवं पान म्हणून आपण जे कुंडीत खोचतो ते खरं तर त्याचं खोड असतं, म्हणून तर त्याच्या कडेला कळी फुटते.

हिमालयातलं ब्रह्मकमळ म्हणजे सॉस्युरिया ऑब्व्हॅलाटा. ते सूर्यफुलाच्या आणि झेंडूच्या कुळातलं, साधारण 3,700 मीटरच्या वर खडकाळ उतारांवर वाढणारं. त्याचा पिवळसर हिरवा, पातळ कागदासारखा दिसणारा भाग म्हणजे पाकळ्या नव्हेत. ती पानांचंच रूप असलेली मोठी आवरणं आहेत. वनस्पतिशास्त्र त्यांना छदं म्हणतं. खरी फुलं आत दाटीवाटीने बसलेली असतात, जांभळी आणि अगदी बारीक. थंडी आणि पाऊस यांपासून त्यांना जपण्याचं काम ही आवरणं करतात. हे उत्तराखंडचं राज्यपुष्प आहे आणि बदरीनाथ, केदारनाथच्या देवळांत ते वाहिलं जातं.

दोन्ही फुलं शेजारी ठेवली तर लहान मूलही फरक सांगेल. तरी गोंधळ होतो, कारण बहुतेक जण फुलाचा रंग आणि ऐकलेलं नाव एवढ्यावरच थांबतात. उंच पर्वतातल्या कुरणांत फुलं ओळखायला निघालेल्या माणसाचीही पहिली अडचण हीच असते. रंग तिथं भरपूर असतो आणि ओळख पटवण्याच्या कामी तोच सगळ्यात कमी उपयोगी पडतो.

पश्चिम हिमालयात साधारण 3,000 मीटरच्या वर जंगलाचं रूप पालटतं. देवदार खालीच राहतो. फर, पांढऱ्या सालीची भोजपत्राची झाडं आणि ऱ्होडोडेंड्रॉनची वाकलेली झुडपं लागतात आणि 3,500 मीटरच्या आगेमागे झाडं संपतात. झाडं विरळ होत संपण्याच्या या पट्ट्याला उपअल्पाइन म्हणतात, त्याच्या वरचा तो अल्पाइन. दोन्हींतल्या गवताळ कुरणांना गढवालचे लोक ‘बुग्याल’ म्हणतात. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे. म्हणजे ही कुरणं सुरू होतात तीच जवळपास त्याच्या दुप्पट उंचीवर.

इथं नोव्हेंबरपासून मेपर्यंत जमीन बर्फाखाली असते. उरलेल्या चार-पाच महिन्यांत उगवायचं, फुलायचं, परागीभवन उरकायचं आणि बी धरायचं. शून्यापासून सुरुवात करणाऱ्या वनस्पतीला एवढा वेळ सहसा पुरत नाही. म्हणून इथल्या बहुतेक वनस्पती अनेक वर्षं जगतात. हिवाळ्यात वरचा भाग वाळून जातो आणि जमिनीखालच्या मुळांत, कंदांत साठवलेल्या अन्नावर त्या बर्फ वितळताच पुन्हा डोकं वर काढतात. सगळ्यांनाच घाई असल्यामुळे एकाच उतारावर एकाच वेळी कितीतरी जाती फुललेल्या दिसतात आणि नवख्या माणसाला कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.

अशा कुरणांचं आपल्या देशातलं सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातली फुलांची दरी. गोविंदघाटहून पुलना, तिथून पायवाटेने घांघरिया आणि घांघरियाहून सकाळी निघून संध्याकाळी परत, असा तिथला शिरस्ता आहे. दरीत मुक्कामाला परवानगी नाही. पुष्पावती नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेलं हे 87.5 चौरस किलोमीटरचं क्षेत्र 1982 साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2005 साली नंदादेवी उद्यानाच्या जोडीने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. फुलणाऱ्या वनस्पतींच्या सुमारे 500 जाती इथं नोंदल्या गेल्या आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून ट्रेकर्सचे गट इथं पोचतात आणि परतल्यावर त्यांच्या फोनमध्ये शेकडो फोटो असतात. त्यातली निम्मी नावं तरी सांगता यावीत अशी अनेकांची मनापासून इच्छा असते.

ती पुरी करायची तर फुलासमोर उभं राहून चार गोष्टी विचारायच्या. हे कुठं उगवलंय? आत्ता कोणता महिना आहे? पान आणि देठ कसे आहेत? आणि फुलाची घडण कशी आहे? रंगाचा प्रश्न या सगळ्यांनंतर.

जागेपासून सुरुवात करू. दरीत शिरल्यावर पुष्पावतीच्या पात्रातल्या वाळू-गोट्यांत चार पाकळ्यांच्या गडद गुलाबी फुलांचे ताटवे दिसतात. हे एपिलोबियम लॅटिफोलियम. पुराने उघडी पडलेली, दुसरं कोणी पटकन वस्तीला न येणारी जमीन याला मानवते. झिरपत्या पाण्याच्या कडेला, जिथं बूट रुतेल अशा मऊ चिखलात, कॅल्था आणि काही प्रिम्युला असतात. भोजपत्राच्या सावलीत वनककडी सापडते. तिचं फूल पानं पुरती उलगडायच्या आधीच येतं आणि नंतर लालबुंद फळ लोंबतं. खडकाच्या कपारीत निळी पॉपी. आणि एखाद्या सपाट जागी रुंद पानांच्या रुमेक्स नेपालेन्सिसचं रान माजलेलं दिसलं, तर तिथं पूर्वी मेंढ्या बसवल्या जात असाव्यात असं खुशाल समजावं, कारण लेंड्यांनी नत्र वाढलेली जमीन या वनस्पतीला फार आवडते. म्हणजे फुलाकडे बघण्याआधीच, पायाखालची जमीन पाहून, यादी कितीतरी लहान होते.

महिना तिला आणखी लहान करतो. जूनमध्ये बर्फाच्या कडेकडेने प्रिम्युला, ॲनिमोन, फ्रिटिलारिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन फुलतात. जुलैत जेरेनियम, ऑर्किड, निळी पॉपी आणि पेडिक्युलॅरिस येतात. ऑगस्ट हा उंच झाडोऱ्याचा महिना. तेरड्याचे भाऊबंद माणसाच्या खांद्याला लागतात आणि पिवळ्या लिग्युलारिया, इन्युला डोकं वर काढतात. सप्टेंबरात जेन्शियन, सायनँथस आणि जमिनीलगत गुलाबी गालिचा घालणारी बिस्टॉर्टा अफिनिस. ऑगस्टच्या अखेरीस काढलेल्या फोटोवर कोणी ‘प्रिम्युला डेंटिक्युलाटा’ असं लिहिलं, तर तारीख पाहूनच शंका घ्यायला हवी. ती बर्फ सरताच फुलून मोकळी झालेली असते.

पान आणि देठ यांची भाषा मराठी माणसाला थोडीफार घरबसल्या येत असते. तुळशीचा किंवा पुदिन्याचा देठ दोन बोटांत फिरवून पाहिला तर तो गोल लागत नाही. चार कडा हाताला जाणवतात, आणि पानं समोरासमोर जोडीने येतात. ही तुळशीच्या कुळाची खूण. बुग्यालातल्या थायमस, नेपेटा, फ्लॉमिस यांच्या देठाला तशाच कडा असतात. छत्रीच्या काड्यांसारखे एकाच बिंदूतून फुटणारे बारीक दांडे आणि त्यांच्या टोकांवर पांढऱ्या फुलांचे झुबके दिसले की ते कोथिंबीर, गाजर, ओव्याचं कुळ. त्यातल्या जाती एकमेकींपासून वेगळ्या करायच्या तर मात्र फळ धरेपर्यंत थांबावं लागतं. नुसत्या फुलावरून पट्टीचे अभ्यासकही सहसा ठाम बोलत नाहीत. झेंडू-सूर्यफुलासारखं दिसणारं प्रत्येक ‘फूल’ म्हणजे अनेक फुलांचा गुच्छ असतो, हे शाळेत शिकलेलं ज्ञानही इथं कामी येतं. कुळ ओळखलं की अर्धं काम झालं.

आता काही फुलं जवळून पाहू.

पिवळी, पाच पाकळ्यांची, बोटाच्या पेरभर रुंदीची फुलं बुग्यालात सगळीकडे असतात. लांबून ती सारखीच दिसतात. त्यांतली रॅननक्युलसची पाकळी वार्निश लावल्यासारखी चकाकते. उन्हात ती कॅमेऱ्यात पांढरी फटक येते. पोटेंटिलाची पाकळी मंद, तुकतुकी नसलेली. खात्री करायची तर फूल न तोडता खाली वाकून त्याची मागची बाजू पाहावी. रॅननक्युलसच्या मागे हिरव्या निदलांचं एकच वर्तुळ असतं. पोटेंटिलाच्या मागे एकाखाली एक अशी दोन वर्तुळं असतात, त्यामुळे पाचाच्या जागी दहा हिरवी टोकं दिसतात. पोटेंटिलाच्याच वंशातल्या ॲट्रोसँग्विनिया या जातीचं फूल रक्तासारखं लाल असतं आणि पान स्ट्रॉबेरीसारखं तीन पर्णिकांचं, खालून चंदेरी लव असलेलं. रंगावरून गेलं तर पिवळी पोटेंटिला पिवळ्या रॅननक्युलसची बहीण आणि लाल पोटेंटिला भलतीच कोणीतरी ठरते. घडणीवरून पाहिलं की लाल आणि पिवळी पोटेंटिला एका घरच्या आणि रॅननक्युलस वेगळ्या घरचा, हे लगेच कळतं.

ॲनिमोनचा प्रकार आणखी वेगळा. त्याच्या पांढऱ्या पाकळ्या मुळात पाकळ्याच नाहीत; ती निदलं आहेत, पाकळ्यांसारखी रंगलेली. ओढ्याकाठी वाढणाऱ्या ॲनिमोन रिव्ह्युलॅरिसच्या या निदलांची पाठ निळसर असते. नुसता वरून फोटो घेणाऱ्याच्या हाती ही खूण लागत नाही.

याच रॅननक्युलसच्या कुळात बुग्यालातलं एक विषारी घराणं आहे, ॲकोनिटमचं; बचनाग त्यातलाच. निळ्या-जांभळ्या फुलांचा उभा तुरा आणि हाताच्या पंजासारखी फाटलेली पानं. जवळजवळ असाच तुरा आणि अशीच पानं डेल्फिनियमला असतात. फरक फुलाच्या वरच्या निदलात. ॲकोनिटमचं वरचं निदल पुढे झुकून बाळाच्या कुंचीसारखं बाकीच्या फुलावर येतं. डेल्फिनियमचं वरचं निदल मागे ओढलं जाऊन त्याची लांब, पोकळ शेपटी होते. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा चूक होत नाही. ती होऊ नये हेच बरं, कारण ॲकोनिटमच्या अनेक जातींत ॲकोनिटीन हे हृदयावर घाला घालणारं विष असतं आणि ते मुळांत विशेष साठतं. अशा झाडाचं पान, मूळ चघळून बघण्याचा उत्साह कोणी दाखवू नये.

या घराण्याशी मराठी घरांचं नातं जुनं आहे. बाळगुटीत उगाळलं जाणारं अतिविष म्हणजे ॲकोनिटम हेटेरोफायलमचं मूळ, आणि ते येतं याच हिमालयीन कुरणांतून. घराणं विषारी असलं तरी ही जात औषधी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. तिची फुलं हिरवट पांढरी किंवा निळसर, जांभळ्या शिरांची असतात; खालची पानं देठाची आणि खाचा पडलेली, तर वरची पानं बिनदेठाची, खोडाला मिठी मारून बसलेली. एकाच झाडावर दोन तऱ्हांची पानं, ही तिची पक्की खूण.

पेडिक्युलॅरिस हा हिमालयाचा खास वंश. त्याची पानं नेच्याच्या पानांसारखी बारीक कातरलेली असतात आणि फुलाची वरची पाकळी पुढे येऊन चोचीसारखी वळते. कुठं ही चोच सरळ, कुठं पिळलेली, कुठं टोकाशी दुभंगलेली. पेडिक्युलॅरिस बायकॉर्न्युटाचं फूल पिवळं, तर पेडिक्युलॅरिस सायफोनॅन्थाचं गुलाबी आणि त्याची नळी इतकी लांब की ती फुलाचा देठच वाटावी. या वंशातल्या जाती ओळखायच्या तर फुलाकडे समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून पाहावं लागतं. त्यांच्या मुळांचा उद्योगही वेगळा आहे. ती शेजारच्या गवताच्या मुळांना चिकटून त्यांच्याकडून पाणी आणि क्षार घेतात. म्हणून पेडिक्युलॅरिस खणून बागेत लावली तर सहसा जगत नाही. तिचे शेजारी तिच्याबरोबर आलेले नसतात.

रंग किती फसवतो याचा कळस मोरिना लाँगिफोलियात पाहावा. काटेरी, लांबट पानांची ही वनस्पती पाहून आधी कोणाला काटेकोरांटी आठवेल, कोणाला पिवळा धोत्रा. तिची फुलं खोडाभोवती मजल्यामजल्याने येतात. फूल उमलतं तेव्हा पांढरं असतं. परागीभवन झालं की गुलाबी होतं आणि शेवटी लालसर. एकाच मजल्यावर तिन्ही रंग एका वेळी दिसतात. रंगानुसार पानं लावलेल्या पुस्तकात तिला शोधणाऱ्याने कोणतं पान उघडायचं?

निळ्या पॉपीची कथा निराळी. तिला पाहण्यासाठीच अनेक जण एवढी पायपीट करतात. मेकोनॉप्सिस ॲक्युलिआटा हे तिचं शास्त्रीय नाव. आकाशी रंगाच्या, रेशमी चुण्या पडलेल्या बहुधा चारच पाकळ्या, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका आणि देठापासून पानापर्यंत ताठ, टोकदार काटेरी केस. फळावरही तेच केस. अफूच्या कुळातली ही वनस्पती काही वर्षं नुसती पानं काढून बळ साठवते, एकदा फुलते, बी धरते आणि मरते. एका रोपाला आयुष्यात फुलायची संधी एकदाच मिळते. ते फूल कोणी तोडून वहीत दाबलं, तर त्या रोपाच्या वाट्याचं बी कधीच पडत नाही.

सप्टेंबरात जाणाऱ्यांना जेन्शियन आणि स्वर्शिया या एकाच कुळातल्या वंशांची गाठ पडते. जेन्शियनच्या निळ्या पेल्यात दोन पाकळ्यांच्या मधल्या जागी घडी घातल्यासारखा छोटा दुवा असतो. ढग आले की अनेक जाती आपला पेला मिटून घेतात. ऊन पडलं की पुन्हा उघडतात. स्वर्शियाच्या पाकळ्या जवळजवळ बुडापर्यंत सुट्या असतात आणि प्रत्येकीवर मधाचे ठळक ठिपके किंवा खळगे दिसतात. किराईत म्हणून जे कडू औषध आपल्याकडे ओळखीचं आहे, ते स्वर्शिया वंशातलंच.

आता त्या फुलाकडे वळू, जे मराठी डोळ्यांना सगळ्यात आधी ओळखू यावं. ऑगस्टमध्ये फुलांच्या दरीतले उतारच्या उतार गुलाबी करणारी वनस्पती म्हणजे तेरड्याची सख्खी बहीण. आपला तेरडा, गौरीच्या सणात डहाळ्यांनी आणला जाणारा, म्हणजे इम्पेशन्स बाल्समिना. दरीतली मुख्यतः इम्पेशन्स सल्काटा. मागे वळलेली मधाची शेपटी, पाणीदार खोड आणि नुसत्या स्पर्शाने फुटून बी उडवणारी बोंडं, सगळी लक्षणं घरचीच. फक्त उंची माणसाएवढी. हिच्यासारखीच दिसणारी इम्पेशन्स ग्लँड्युलिफेरा हीसुद्धा पश्चिम हिमालयातलीच. दोघींत फरक करताना फुलापेक्षा बोंड जास्त सांगतं: सल्काटाचं लांब, अरुंद आणि उभं, ग्लँड्युलिफेराचं आखूड, गदेसारखं आणि लोंबतं.

स्थानिक कोणाला म्हणायचं आणि परकं कोणाला, याचा धडा हीच ग्लँड्युलिफेरा देते. 1839 साली ती बागेची शोभा म्हणून इंग्लंडला नेली गेली. बोंडं फुटून बी कित्येक मीटर दूर उडतं, नदीत पडलं की पाण्याबरोबर खाली जातं. बघता बघता ती तिथल्या नदीकाठांवर माजली आणि तिच्या दाट सावलीत तिथली मूळची रोपं मागे पडली. हिमालयात तिला खाणारे कीटक आहेत, तिच्यावर पडणारे रोग आहेत. इंग्लंडात तिला अडवणारं कोणी नव्हतं. शेवटी 2014 पासून हिमालयातलाच एक तांबेरा रोग पारखून-तपासून तिथं तिच्यावर सोडायला सुरुवात झाली. एकच झाड आपल्या घरी कुरणाचा भाग असतं आणि परमुलखात तण ठरतं.

मात्र स्थानिक असलं म्हणजे त्रासदायक नसतं, असंही नाही. फुलांच्या दरीत पांढऱ्या फुलांची, कमरेच्या वर वाढणारी एक झुडपी वनस्पती मोठमोठे पट्टे व्यापून बसते. शास्त्रीय भाषेत पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम, स्थानिक लोकांच्या तोंडी अमेला. ती हिमालयातलीच. पण जिथं ती दाटते तिथं लहान रोपांना ऊन मिळत नाही. वनखातं दरवर्षी माणसं लावून ती उपटतं. उद्यान झाल्यावर मेंढ्यांची चराई थांबली आणि म्हणून ती वाढली, असं काही अभ्यासक मानतात. दरडी आणि हिमलोट यांनी मोकळ्या झालेल्या जमिनीकडे इतर बोट दाखवतात. हा वाद जुना आहे. तो सुटायचा तर कुठल्या साली कुठल्या उतारावर कोणती फुलं होती, याच्या नोंदी हव्यात, आणि नोंदींसाठी अचूक ओळख हवी.

अशा नोंदी करणाऱ्यांची इथली परंपरा जुनी आहे. 1931 साली कामेट शिखर सर करून परतणारे फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन आणि आर. एल. होल्ड्सवर्थ या दरीत उतरले. स्माइथ 1937 मध्ये फुलांसाठीच परत आले, बी आणि नमुने गोळा केले आणि 1938 मध्ये त्यांचं ‘द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हे पुस्तक निघालं. जगाला दरी कळली ती त्यातून. भ्यूंदार खोऱ्यातल्या मेंढपाळांना ती अर्थातच आधीपासून माहीत होती. 1939 साली जोन मार्गारेट लेग ही ब्रिटिश वनस्पतिअभ्यासक नमुने गोळा करताना इथंच कड्यावरून घसरून गेली. तिची समाधी दरीत आहे आणि वाट तिच्याजवळून जाते. पुढे 1984 मध्ये ओलेग पोलुनिन आणि ॲडम स्टेंटन यांचं ‘फ्लॉवर्स ऑफ द हिमालय’ आलं. हिमालयात फुलं पाहायला जाणाऱ्यांच्या पिशवीत ते आजही असतं.

चुकीच्या ओळखीची किंमत काही वेळा वनस्पतीला मोजावी लागते, आणि बरोबर ओळखीचीही. अतिविष, कुटकी, जटामांसी यांना आयुर्वेदाच्या बाजारात मागणी मोठी आहे आणि तिघींचाही वापर मुळांसाठी होतो. मूळ खणलं की झाड संपतं. बी पडायच्या आधी खणलं तर पुढची पिढीही संपते. जटामांसी आज जागतिक निकषांनुसार अतिसंकटग्रस्त आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. हत्ताजडी, म्हणजे डॅक्टिलोऱ्हायझा हटागिरिया, हे जांभळ्या तुऱ्याचं ऑर्किडही त्याच वाटेवर आहे. त्याचे कंद माणसाच्या पंजासारखे दिसतात, त्याला बाजारात ‘सालम पंजा’ म्हणून भाव आहे. एका तुऱ्यात डझनावारी फुलं असली तरी ऑर्किडचं बी धुळीएवढं बारीक असतं आणि जमिनीतली योग्य बुरशी भेटल्याशिवाय रुजत नाही. उपटलेल्या रोपाची जागा म्हणूनच लवकर भरत नाही.

उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला आणि तिथं जाणाऱ्यांची संख्या दिवसाला 200 वर मर्यादित केली. अनेक ट्रेकर्स हिरमुसले. पण तंबूखाली आठवडाभर दबलेलं गवत आणि त्याभोवतीच्या चरांनी वाहून गेलेली माती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या निर्णयामागची काळजी समजते. इथं मातीचा थर पातळ असतो, आणि उघडी पडलेली जागा भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

फुलांच्या दरीचं फाटक 1 जूनला उघडतं आणि 31 ऑक्टोबरला बंद होतं. सर्वाधिक फुलं जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. जाणाऱ्याने काय करावं? वाट सोडू नये, कारण फोटोसाठी आत टाकलेलं एक पाऊल न उमललेल्या रोपांवर पडतं. फूल तोडू नये. एका फुलाचे दहा फोटो एकाच बाजूने काढण्यापेक्षा पाच वेगळे काढावेत: पूर्ण झाड, पान, देठावरची पानांची मांडणी, फूल समोरून आणि फुलाची मागची बाजू. फळ धरलं असेल तर तेही. सोबत तारीख, उंची आणि जागा लिहावी: ओढ्याकाठी, कपारीत, भोजपत्राखाली. परतल्यावर ते आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर टाकले की जाणकार ओळख तपासून देतात आणि तुमचा फोटो दरीच्या नोंदीत जमा होतो. ॲपने स्वतःहून सुचवलेलं पहिलं नाव मात्र डोळे मिटून स्वीकारू नये. वर सांगितलेले चार प्रश्न त्यालाही विचारावेत.

आणि सरावासाठी हिमालयाची वाट पाहायची गरज नाही. सुमारे 1,200 मीटर उंचीवरचं कास पठार काही उपअल्पाइन नाही, तिथल्या जाती वेगळ्या. पण कुळं बरीचशी तीच. तिथं तेरड्याचं कुळ आहे, सोनकीच्या रूपाने झेंडूचं कुळ आहे, ऑर्किड आहेत, जेन्शियनच्या घरचे लोक आहेत. सह्याद्रीच्या कड्यांवर फुलणारी निळवंती तर डेल्फिनियमच आहे, डेल्फिनियम मलबारिकम. तिच्या फुलामागची शेपटी पाहिलेल्या माणसाला ॲकोनिटमची कुंची वेगळी काढायला कोणी शिकवावं लागत नाही. पुढच्या जुलैत फुलांच्या दरीत जायचं ठरवलं असेल, तर यंदाच्या भाद्रपदात जवळच्या एखाद्या सड्यावर जा, एक भिंग आणि वही सोबत घ्या आणि पहिली ओळ पानाबद्दल लिहा.